खारीची खानावळ

मागच्या जूनमध्ये व्हेटने खारीला काट्यावर उभं केलं आणि आकडा आला साडेअठरा किलो. खारी म्हणजे आमची नऊ वर्षांची इंडी, म्हणजे देशी कुत्री, भांडुप स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडजवळ सापडलेली, रंग अगदी खारी बिस्किटाचा म्हणून खारी. डॉक्टर म्हणाल्या हिचं वजन सोळाच्या आसपास हवं. त्यांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला, मग माझा हात धरून मलाही फिरवायला लावला, आणि खरंच, चरबीच्या थराखाली बरगडी बोटाला लागतच नव्हती. मग त्यांनी विचारलं, हिच्या जेवणात कॅल्शियम कुठून येतं?

आता हे नीट सांगायला हवं, कारण तोपर्यंत आठ महिने मी रोज पहाटे साडेपाचला उठून तिचा स्वयंपाक करत होते. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी तिचं कोरडं खाणं पोत्यातच सादळलं, त्याला खवट वास यायला लागला, आणि तिने भांड्याकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच. नवीन पोतं आणलं तरी तेच. मग मी चिकन-भात सुरू केला. लाल भोपळा, गाजर, फरसबी, रविवारी थोडी कलेजी. मीठ नाही, तेल नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण कांदा-लसणाने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे मला माहीत होतं. द्राक्षं-मनुका घरात आल्या की मी वरच्या फळीवर ठेवायचे. म्हणजे मी काही निष्काळजी नव्हते. आणि तरी त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूध तिला सोसत नाही. शिजवलेलं हाड मी देत नाही, ते तुकडे होऊन आतड्यात टोचतं. मग कॅल्शियम कुठून? कुठूनच नाही.

डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. कुत्र्याला ही दोन्ही ठरावीक प्रमाणात लागतात, फॉस्फरसच्या एका भागाला कॅल्शियम निदान एक भाग, फार तर दोन. वरून मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं, गुपचूप, बाहेरून काही कळत नाही, कुत्रं शेपटी हलवत असतं. पिल्लांमध्ये लवकर दिसतं, मोठ्या कुत्र्यांमध्ये वर्षं जातात. आणि नुसतं कॅल्शियम नाही, झिंक, तांबं, आयोडीन, व्हिटॅमिन डी, ई, सगळंच अंदाजाने चाललेलं असतं. कॅलिफोर्नियात डेव्हिसला जे विद्यापीठ आहे तिथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० रेसिपी तपासल्या होत्या, पुस्तकांतल्या, वेबसाइटवरच्या, काही तर खुद्द व्हेट लोकांनी लिहिलेल्या. त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि ८० टक्क्यांहून जास्त रेसिपींमध्ये एकाहून अधिक. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ महिने मी ज्याला माया समजत होते ते अर्धंच जेवण होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. आई शहात्तर वर्षांची, माझ्याकडेच असते, आणि दिवसभर खारी तिच्याच पायाशी. तिने सगळं ऐकून घेतलं, निवडत होती ती मेथी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मग तिला डबा लाव."

डबा लाव. मी इतके दिवस गूगलवर इंग्रजीत काय काय शोधत होते, फ्रेश फूड, सबस्क्रिप्शन, मील प्लॅन, आणि आईने ते दोन शब्दांत सांगितलं, कारण तिच्यासाठी ही नवीन गोष्टच नव्हती. आईची लालबागला खानावळ होती. बोर्ड नाही, टेबल नाही, चाळीतली दहा बाय बाराची खोली, चौदा माणसं जेवायची, सगळी गिरणीतली, बायकामुलं गावी कोकणात नाहीतर साताऱ्याकडे. गिरणगावात अशा कितीतरी बायका होत्या, प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून. मी तेव्हा जन्मले होते नुकती, मला आठवतं ते त्यानंतरचं, ते पण तुकड्या-तुकड्यांत. मोठ्या पातेल्यातल्या आमटीचा वास, भोंगा झाला की भरभर मांडली जाणारी ताटं, आणि खुंटीला दोरीने अडकवलेली एक वही. त्या वहीत कोण किती खातो हे लिहिलेलं असायचं. साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणाऱ्याला तीन भाकऱ्या, रात्रपाळीहून आलेल्याला भात जास्त, अमक्याला चवळी सोसत नाही, तमक्याच्या पोटात अल्सर आहे तर त्याच्या आमटीत तिखट नाही. बदली कामगार असायचे ना, ज्यांना रोज काम मिळेलच असं नाही, त्यातला एकजण काम न मिळालेल्या दिवशी अर्धीच भाकरी घ्यायचा, पैसे वाचवायला, आणि आई त्याला दुसरी अर्धी न विचारता वाढायची आणि वहीत मांडायची नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, माणसं एकेक करून गावी गेली, आणि खानावळ बसली. वही मात्र अजून आमच्या कपाटात आहे.

तर कुत्र्यासाठी जेवणाची सर्व्हिस निवडायची म्हणजे काय, हे मला वेबसाइट बघून कळलं नाही, त्या वहीवरून कळलं. फक्त एक मोठा फरक आहे आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. आईच्या खानावळीत जेवणारा माणूस बोलायचा. भाकरी कच्ची राहिली तर तोंडावर सांगायचा, डाळ पातळ झाली तर दुसऱ्या दिवशी आईच स्वतःहून घट्ट करायची. खारी बोलणार नाही. तिला आवडलं तर ती भांडं चाटून पुसून ठेवेल, पण आवडणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. माझा चिकन-भात तिला किती आवडायचा! म्हणून तिच्या वतीने विचारायचं काम माझं, आणि मी ठरवलं की जेवण विकत घेण्याआधी मी त्या स्वयंपाकघराला प्रश्न विचारणार, आणि उत्तर सरळ आलं तरच पुढे जाणार.

पहिली सर्व्हिस दिसायला फार सुंदर. बॉक्सवर कुत्र्याचं नाव छापून येतं, आत चिठ्ठी, सगळीकडे ‘ह्यूमन ग्रेड’, ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’, ‘लव्ह’. मी पाकीट उलटसुलट करून बघितलं, कॅलरी कुठेच नाही. फोन केला. म्हटलं शंभर ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत? पलीकडचा मुलगा चांगला होता बोलायला, म्हणाला, मॅम, आमचं सगळं नॅचरल आहे. मी परत विचारलं. तो म्हणाला टीमला विचारून सांगतो. तीन वेळा फोन केला, टीमचं उत्तर आलं नाही. ह्यूमन ग्रेड म्हणजे काय, तर कच्चा माल आणि बनवायची पद्धत, दोन्ही माणसाच्या खाण्याच्या दर्जाचं. ठीकच आहे, हवाच. पण माझा चिकन-भातसुद्धा ह्यूमन ग्रेडच होता की, अगदी आम्ही जिथून घेतो त्याच चिकनवाल्याकडचा. माणसाच्या दर्जाचं असणं आणि कुत्र्याला पुरं पडणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि जाहिरातीत मात्र पहिलीच्या जोरावर दुसरी विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्यांकडे लेबल बरं होतं, ट्रायल पॅक मागवला. दिवस मे-जूनसारखाच, पाऊस रेंगाळलेला, उकाडा मरणाचा. मी ऑफिसला, आई झोपलेली, डिलिव्हरीवाल्याने बॉक्स गेटवर दिला आणि तो वॉचमनच्या टेबलावर तीन तास राहिला. वॉचमनची काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आत गोठवलेलं जेवण आहे, बॉक्सवर बाहेरून एक अक्षर लिहिलेलं नाही. मी आले तेव्हा आइस पॅकचं कोमट पाणी झालेलं, पाकीट हाताला मऊ. मी ते टाकून द्यायला हवं होतं. वरून गार लागतंय असं वाटलं म्हणून रात्री तिला थोडं दिलं, आणि पहाटे तीन वाजता तिने जी ओकारी काढली, मग जुलाब, दोन दिवस नुसतं ओआरएस आणि भाताची पेज. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांच्या वर ठेवायचं नसतं, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. मुंबईत मार्च ते जून आणि परत ऑक्टोबरमध्ये हा एक तासाचाच हिशोब धरायचा. त्या सर्व्हिसला मी कळवलं, त्यांनी पैसे परत केले, पण बॉक्सवर ‘फ्रोझन, ताबडतोब फ्रीझरमध्ये ठेवा’ असं मराठीत आणि हिंदीत लिहा म्हटलं तर त्यावर काही उत्तर नाही. मला पैशांपेक्षा ते हवं होतं.

तिसरे लोक रॉ वाले, कच्चं मांस, हाडं, कलेजी सगळं दळून. त्यांचं म्हणणं कुत्रा मुळात लांडगा. मला ते पटत नाही. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत, म्हणजे माणसाच्या चुलीजवळ राहून राहून त्याचं पोटच बदललं, भाकरीचा तुकडा पचवायला शिकलं. बरं तेही सोडा. कच्च्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू फ्रीझरमध्ये मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि आमच्याकडे खारी जेवून झाली की सरळ जाऊन आईचा हात चाटते. शहात्तर वर्षांच्या बाईच्या घरात मी ते आणणार नाही, विषय संपला.

मध्ये एकाने ग्रेन-फ्रीचा, म्हणजे बिनधान्याच्या खाण्याचा, फार आग्रह धरला. तांदूळ नाही, त्याजागी वाटाणे, मसूर, चणे. यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, जुलै २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती, कडधान्यं भरपूर असलेलं असं खाणं खाणाऱ्या काही कुत्र्यांमध्ये हृदयाचा स्नायू ताणून पातळ होण्याचा आजार दिसतोय म्हणून. कार्यकारणसंबंध काही पक्का सिद्ध झाला नाही, डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी नवीन ठोस माहिती मिळेपर्यंत नियमित अपडेट देणंही थांबवलं. पण खारीला भाताचा त्रास नसताना मी भात का काढू? डॉक्टरही तेच म्हणाल्या.

एव्हाना माझे प्रश्न वहीत लिहून झाले होते. रेसिपी कुणी बनवली, त्या माणसाने प्राण्यांच्या आहारशास्त्राचं शिक्षण घेतलंय का? शंभर ग्रॅमला कॅलरी किती? हे पूर्ण जेवण आहे की नुसतं वरून घालायचं टॉपर? व्हिटॅमिन-मिनरल मिक्स वेगळं घालता का, कुठलं? स्टॉक, म्हणजे हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी, घालत असाल तर त्यात कांदा आहे का? शिजल्यावर किती वेळात गार करता? यातला पूर्ण जेवणाचा प्रश्न सगळ्यात मोठा. लेबलवर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहून पुढे अमेरिकेतल्या आफ्को किंवा युरोपातल्या पेट फूड उद्योगाच्या फेडियाफ या संघटनेच्या मानकांचा उल्लेख असतो, आणि कुठल्या वयासाठी तेही असतं, पिल्लू, मोठं की सगळी वयं. तिथे ‘सप्लिमेंटल’ किंवा ‘इंटरमिटंट’ लिहिलं असेल तर ते रोजचं जेवण नाही. आणि कुणी ‘आफ्को अप्रूव्हड’ म्हणालं तर लगेच कान टवकारायचे, कारण ती अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांची संघटना आहे, ती मानकं ठरवते, पण स्वतः कुठलंही खाणं तपासत नाही आणि मंजूरही करत नाही.

अजून एक गोष्ट जिथे मी स्वतः गोंधळले होते. ताज्या जेवणाच्या पाकिटावर प्रोटीन १० टक्के, कोरड्याच्या पोत्यावर २४. वाटतं ना की कोरडंच भारी? पण ताज्या जेवणात ७०-७५ टक्के पाणीच असतं, कोरड्यात १० च्या आसपास. पाणी बाजूला काढून बघायचं. ७२ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २८ मध्ये १० म्हणजे जवळजवळ ३६ टक्के, आणि कोरड्यात ९० मध्ये २४ म्हणजे २७ च्या आत. लेबल खोटं बोलत नाही, पण आपण पाण्यासकट वाचतो.

शेवटी जिथे थांबले ते एक छोटं किचन आहे, ठाण्याच्या बाजूला, दोन बायका चालवतात. फोनवर मी सगळे प्रश्न विचारले आणि त्यातली एक बाई, आवाजावरून पस्तिशीची असेल, एकाही प्रश्नावर अडखळली नाही. कॅलरी शंभर ग्रॅमला १३०. रेसिपी प्राण्यांच्या आहारातल्या तज्ज्ञाकडून बसवून घेतलेली, नाव आणि शिक्षण सांगितलं. स्टॉक वापरत नाही, नुसतं पाणी. माशाच्या पाकिटात तारली, तीही काटा काढून, ओमेगा-थ्रीसाठी. आणि मग ती जे म्हणाली त्यावर माझा तिच्यावर विश्वास बसला. म्हणाली, ताई, तुमच्या कुत्रीला किडनीचा त्रास असता तर मी तुम्हाला नाही म्हटलं असतं, आमच्याकडे त्यासाठीचं जेवण नाही. जो आपल्याकडे काय नाही हे न विचारता सांगतो त्याच्याकडे डबा लावायला हरकत नाही.

आता किती द्यायचं? डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे गणित करून दिलं ते मी जपून ठेवलंय कारण ते कुणालाही करता येतं. जे वजन हवं ते घ्यायचं, १६. त्याचा घन, १६ गुणिले १६ गुणिले १६, ४०९६. त्याचं वर्गमूळ ६४. परत वर्गमूळ, ८. त्याला ७० ने गुणलं की ५६०. नुसतं पडून राहणाऱ्या शरीराला लागणाऱ्या दिवसाच्या कॅलरी. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या धडधाकट मोठ्या कुत्र्याला याच्या साधारण दीडपट ते १.६ पट, पण वजन उतरवायचं असेल तर सुरुवात याच ५६० पासून, आणि दर दोन आठवड्यांनी काट्यावर. सगळं ताजं दिलं तर दिवसाला ४३० ग्रॅम लागलं असतं, आठवड्याला तीन किलो, आमच्या फ्रीझरमध्ये आईचे सोललेले सोडे, ओलं खोबरं आणि मटार असताना तेवढी जागा नाही, आणि महिन्याचा खर्च सहा हजारांच्या वर गेला असता, तेही मला झेपणारं नव्हतं. मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या अर्धं-अर्धं करा, काही बिघडत नाही, दोन्ही पूर्ण आहार असले म्हणजे झालं. अनेकांना वाटतं ताजं द्यायचं तर सगळंच ताजं, नाहीतर आपण कमी पडलो. असं नाहीये. सकाळी ताजं, संध्याकाळी कोरडं, कोरडं आता मी छोट्या पिशवीत आणते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात पिशवीसकट ठेवते म्हणजे सादळत नाही.

हिशोब केला आणि मग लक्षात आलं की या ५६० मध्ये आईची पोळी धरलेलीच नाही.

आई खारीला रोज दोन पोळ्या द्यायची. दुपारी एक, रात्री एक, तूप लावून. गेली नऊ वर्षं. तूप लावलेली एक पोळी म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, दोन म्हणजे अडीचशे, म्हणजे खारीच्या दिवसाच्या जेवणातला जवळजवळ अर्धा भाग पोळीतूनच जात होता आणि मी आठ महिने दोष भोपळ्याला देत होते. मी आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, कोरडी भाकरी खाऊ नको म्हणून. आणि तू पोळी काढून घेतेस."

याला मी काय बोलणार? ती गोष्ट तिनेच मला लहानपणी सांगितलेली, कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव रागवायच्या ऐवजी तूप घेऊन मागे गेले. आमच्याकडे कुत्र्याला घास ठेवल्याशिवाय जेवण पुरं होत नाही, दत्ताच्या फोटोत पायाशी चार कुत्रे बसलेले असतात आणि आई फोटोला हार घालते तेव्हा त्यांच्या कपाळालाही हळद-कुंकू लावते. तिची माया चुकीची नव्हती. पण जास्त तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, कुत्र्यांमध्ये हे नेहमीचं आहे, आणि वयस्कर, जाड कुत्रीला तर जास्तच धोका, हेही खरं. मी तिला वही आणून दिली, कपाटातली, तिचीच. म्हटलं, तू अल्सरवाल्याच्या आमटीत तिखट घालायची नाहीस ना? तिने पानं उलटली. पिवळी पडलेली पानं, शाई पसरलेली. एका नावावर तिचं बोट थांबलं, ते नाव तिने मोठ्याने वाचलं, आणि म्हणाली, हा तळलेलं मागायचा सारखा, मी द्यायची नाही, याला हृदयाचं दुखणं होतं. मग वही मिटून म्हणाली, "किती चालेल?"

वरचं खाणं दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं, म्हणजे ५६ च्या आत, म्हणजे बिनतुपाची अर्धी पोळी. तेवढी धरून सकाळी १९५ ग्रॅम ताजं आणि संध्याकाळी ७० ग्रॅम कोरडं. ठरलं.

बदल दहा दिवसांत केला, आधी पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण, एकदम बदललं की पोट बिघडतं. पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये, ओट्यावर कधीच नाही, उघडलेलं तीन दिवसांत संपवायचं, सुटलेलं परत गोठवायचं नाही. पहिल्या सकाळी मी पाकीट कापलं तेव्हा आई शेजारी उभी राहिली. तिने वाकून वास घेतला. खानावळीत ती जेवण वाढायच्या आधी चाखायची नाही, देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही ही तिची सवय, ती वासावरूनच ओळखायची. चिकनचा खिमा, भाताची शितं, भोपळ्याचे नारिंगी ठिपके, आणि एक हलका मातकट वास, तो कलेजीचा. "मीठ नाही," ती म्हणाली. "पण ताजं आहे." खारी तोवर भांड्याशी येऊन बसली होती, पुढचे दोन पाय नाचवत. खाताना तिच्या गळ्यातला बिल्ला स्टीलच्या भांड्यावर वाजत होता, टिंग टिंग, भरभर, आणि शेवटी भांडं फरशीवरून सरकत सरकत कपाटाला जाऊन टेकलं.

ऑगस्टमध्ये एकदा पाऊस असा लागला की कुर्ला-सायनला पाणी भरलं, गाड्या बंद, मंगळवारची डिलिव्हरी आलीच नाही. मी तेव्हापासून तीन दिवसांचं जास्तीचं फ्रीझरमध्ये ठेवते. आणि वीज गेली, १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या मुंबईची गेली होती तशी, तर फ्रीझरचं दार उघडायचं नाही, भरलेला असेल तर दोन दिवस तग धरतो, अर्धा असेल तर एक दिवस. पण खरी कामाला आली ती कोरड्याची पिशवी. अर्धं-अर्धं ठेवल्याचा हा फायदा आधी लक्षातही आला नव्हता.

त्या मंगळवारी किचनमधून त्या बाईचाच फोन आला, सॉरी म्हणायला. मी ट्रेनमध्ये अडकलेले, म्हणून तिने घरच्या नंबरवर केला आणि आईने उचलला. काय बोलणं झालं ते मला आईकडूनच कळलं. आईने तिला विचारलं, तुमच्याकडे किती जण जेवतात? ती म्हणाली, मावशी, ऐंशीच्या आसपास. आईने विचारलं, कोण किती खातं ते पाठ आहे का? ती म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये आहे. आई म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये असू दे, वहीत पण लिही, कोण खातं आणि कोण टाकतं, टाकणाऱ्याचं आधी लिही. वीस मिनिटं दोघी बोलत होत्या. खारीला तारलीचं पाकीट आवडतं पण भोपळा जास्त असला की ती भांड्यात कोपऱ्याला ठेवते, हे मला माहीत नव्हतं, आईने तिला सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये काटा १६.४ वर आला. डॉक्टरांनी परत माझा हात धरून फिरवायला लावला, बरगडी बोटाला लागली.

पाकिटांवर ऑगस्टपर्यंत नुसता छापील ऑर्डर नंबर यायचा. त्या फोननंतरच्या मंगळवारी आलेल्या पाकिटांवर नंबरच्या खाली निळ्या पेनाने लिहिलेलं होतं. आईने चष्मा लावून वाचलं, "खारी, भांडुप. १९५. भोपळा कमी."